तीन संध्याकाळींचा दाखला

सरांवर माझा राग आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सध्या त्यांच्याबद्दल जे गोडगोड लिहून येतंय, त्या पंगतीत मला बसायचं नाही. सर गेल्याची बातमीसुद्धा तिथे कशी आली? 'धिस इज टू इन्फॉर्म यू ऑल दॅट आवर बिलव्हेड सर इज नो मोअर.' खाली जोडलेल्या हातांची रांग. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात या एकाच वाक्याशी वैर धरलं, त्याच्या मरणाची बातमी त्याच वाक्यात घातली, आणि कोणाला काही वाटलं नाही. सर असते तर त्यांनी पहिल्यांदा विचारलं असतं, "लिहिणाऱ्यानं मला पाहिलं का?"

'पाहिलं का?' हा त्यांचा ठेवणीतला नव्हे, रोजचा प्रश्न. कोणी म्हणालं, सर, बाहेर गाडी उलटली, तर हे म्हणणार, "पाहिलं का?" कोणी म्हणालं, निकाल लागला, तर तेच. प्रश्न विचारताना चष्मा कपाळावर चढवायचे, आणि समोरचा 'नाही, ऐकलं' म्हणाला की चष्मा खाली यायचा आणि विषय संपायचा. निम्म्या अमळनेरनं त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं ते यामुळेच.

ते आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि बारावीला माझे वर्गशिक्षक होते. एकटे राहायचे. शाळेत येताना चुरगळलेला बुशशर्ट आणि बिनघंटीची सायकल. पण कोणाच्या घरी जायचं असलं किंवा कोणी त्यांना भेटायला येणार असलं की पांढरा इस्त्रीचा शर्ट, आणि वरचं बटणसुद्धा गळ्याशी लावलेलं. मे महिन्यात, खान्देशातल्या त्या भट्टीतसुद्धा. घामानं निथळतील, पण बटण काढायचे नाहीत. "समोरचा मला पाहायला आलाय, त्याला नीट दिसलो पाहिजे," म्हणायचे.

पत्रलेखन शिकवायला घेतलं की पहिल्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे, 'धिस इज टू सर्टिफाय दॅट', आणि त्यावर खडू मोडेल इतक्या जोरानं फुली मारायचे. मग सुरू. "बोनाफाईड असो, चारित्र्याचा दाखला असो, आजारपणाचं सर्टिफिकेट असो, सुरुवात हीच. सोसायटीचं पाणी बंद असलं तरी हेच, आणि गणपतीची वर्गणी मागायची तरी हेच. कागदच पुढे येऊन बोलतो आणि माणूस मागे लपतो. मी पाहिलं, मी सांगतो, असं म्हणायला काय होतं तुम्हाला?" आम्हाला काहीच होत नव्हतं. बोर्डाच्या परीक्षेत मात्र ठरावीक सुरुवात नाही म्हणून आमचे मार्क जायचे. दरवर्षी जायचे. पालक तक्रार घेऊन आले की सर विचारायचे, "मार्क कापताना पाहिलं का?"

त्यांचे एकेक प्रकार. हजेरीपटावर बाकी मास्तर सकाळी येताच सही ठोकायचे. हे संध्याकाळी करायचे. म्हणायचे, "आज मी खरंच हजर होतो का, ते शाळा सुटल्यावर कळतं." त्यामुळे मुख्याध्यापक त्यांना निम्मे दिवस गैरहजर धरायचे. एकदा रजेच्या अर्जात त्यांनी लिहिलं होतं की मी आजारी नाही, मंगळवारी मला शाळेत यावंसं वाटत नाही. रजा मिळाली नाही. ते मंगळवारी आले आणि दिवसभर तोंड पाडून बसले.

आणि जर्नलचा तो किस्सा. रसायनशास्त्राच्या जर्नलवर पहिल्याच पानावर छापलेलं असतं की अमुक विद्यार्थ्यानं प्रयोग समाधानकारक रीतीनं पूर्ण केले आहेत. मुख्याध्यापक रजेवर आणि त्यांचा कार्यभार सरांकडे. साठ जर्नलांची चळत टेबलावर आली. दुसरा कोणी असता तर चहा गार व्हायच्या आत सह्या उरकल्या असत्या. सरांनी साठ जणांना प्रयोगशाळेत बोलावलं आणि एकेकाकडून प्रयोग करून घेतला. इंग्रजीचा मास्तर, त्याला ॲसिड आणि अल्कली यातलं काही कळत नव्हतं. "मला शास्त्र कळत नाही, पण रंग बदललेला दिसतो," म्हणाले. चार दिवस चाललं ते. ग्रुपवर हा किस्सा आता सगळे हसत हसत सांगतात. तेव्हा आम्ही रडकुंडीला आलो होतो.

माझ्यावर पाळी आली तेव्हा तर हसण्यासारखं काही नव्हतंच.

बारावीनंतर मला धुळ्याला शिकायला जायचं होतं. कॉलेजात नाव लागलं होतं, प्रश्न राहण्याचा होता. एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात मोजक्या जागा होत्या आणि त्यांच्या अर्जावर वर्गशिक्षकाचा दाखला लागत होता. तेच वाक्य. धिस इज टू सर्टिफाय दॅट, पुढे माझं नाव, ही मुलगी मला इतकी वर्षं व्यक्तिशः माहीत आहे आणि तिचं चारित्र्य चांगलं आहे. माझे वडील, नाना, तेलाच्या गिरणीत कामाला. होस्टेल मिळालं तर पाठवतो, नाहीतर घरी बस, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. अर्ज द्यायला पंधरा दिवस होते. मी उड्या मारत सरांकडे गेले.

सरांनी अर्ज वाचला. चष्मा कपाळावर चढवला. "व्यक्तिशः? मी तुला वर्गात पाहिलंय. पाचव्या बाकावर बसतेस आणि खिडकीबाहेर बघतेस. याच्या पलीकडे मला काय माहीत?"

"सर, सगळेच करतात सही."

"सगळ्यांनी पाहिलं असेल."

चौथ्या दिवशी संध्याकाळी पांढरा शर्ट घालून ते आमच्या घरी हजर. ओट्यावर बसले. काही विचारेनात. नुसतं बघत होते. मी भांडी घासत होते, उठून पाणी दिलं. आईनं कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला, तो मुकाट्यानं खाल्ला, नाकातून पाणी आलं तरी बटण काढलं नाही. तीन दिवसांनी पुन्हा आले. आईला राहवेना, लेकीची बाजू घेऊन म्हणाली,

"मास्तर, मनी आंडेरमा काय खोट शे? बठ्ठी गल्ली तिले वळखस. तुम्हीच कसं वळखतस नई?"

"गल्ली ओळखते, अक्का. पण सही माझी आहे."

एवढ्यावर थांबले असते तरी मी त्यांना माफ केलं असतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या म्हातारीला गाठून माझी चौकशी केली. पोरगी कशी आहे, भांडते का, खोटं बोलते का. आता कॉलेजात जायच्या वयाच्या पोरीची अशी चौकशी खान्देशात दोनच वेळा होते. सोयरीक असते तेव्हा, नाहीतर काहीतरी झालेलं असतं तेव्हा. सोयरीक तर नव्हती. म्हातारीनं विचारलंच, "काय व्हयनं मास्तर? पोरनं काही लफडं शे का?" सर म्हणाले, "मला माहीत नाही. तेच पाहतोय."

झालं! 'मला माहीत नाही' हे त्यांचं प्रामाणिक वाक्य रात्रीच्या आत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचलं. नळावर माझ्याकडे बघून बाया गप्प व्हायला लागल्या. नाना गिरणीतून आले ते कोणीतरी कान भरलेलेच. चप्पल काढता काढता म्हणाले, "जिले मास्तर दाखला दी नई ऱ्हायना, तिले धुयाले कसाले धाडू?" मी रडले, आरडाओरडा केला, ताट भिंतीवर फेकलं. नेमके त्याच संध्याकाळी, तिसऱ्यांदा, सर दारात. डोळे पुसून मी उठले आणि त्यांना पाण्याचा तांब्या दिला. का दिला, देव जाणे. डोक्यात घालायला हवा होता.

दाखला त्यांनी दिला. मुदत संपायच्या आदल्या दिवशी. छापलेल्या वाक्यावर फुली मारून खाली स्वतःच्या अक्षरात इंग्रजीतून चार वाक्यं लिहिली होती. मी या मुलीच्या घरी तीन संध्याकाळी बसलो. ती रागीट आहे आणि राग आला की वस्तू फेकते. दारात कोणी आलं तर हातातलं टाकून उठते. माणसाला ताटकळत ठेवत नाही.

नानांची मनधरणी करून मी आणि आई एसटीनं धुळ्याला गेलो. वसतिगृहाच्या बाईंनी ते वाचलं, दुसऱ्या बाईंना वाचून दाखवलं, दोघी हसल्या. "हे काय? वस्तू फेकते? ठरलेल्या नमुन्यात आणा." नमुन्यात आणायला दिवस उरला नव्हता. परतीच्या एसटीत आई अमळनेर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

एक वर्ष घरी बसले. त्या वर्षाबद्दल मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की मला बघायला दोन ठिकाणचे पाहुणे आले आणि दोन्हीकडून नकार आला, आणि नकाराचं कारण आम्हाला कोणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. पुढच्या वर्षी मी दुसऱ्या मास्तरांकडे गेले. त्यांनी मला कधीच शिकवलं नव्हतं. स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून, माझं नावही न वाचता त्यांनी सही केली. ही मुलगी मला पाच वर्षं व्यक्तिशः माहीत आहे! किती भला माणूस, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

पुढे मी सरकारी नोकरीत लागले, राजपत्रित झाले, आणि मग सह्या मागणारे माझ्या दारात. झेरॉक्सवर 'खरी प्रत' म्हणून शिक्का मारायचा तर मूळ कागद पाहायचा असतो. मी पाहत नव्हते. डबा खाता खाता डाव्या हातानं शिक्का, उजव्या हातानं सही. लोक म्हणायचे, मॅडम फार चांगल्या, अडवत नाहीत. प्रत्येक सहीला मला सरांची आठवण यायची आणि आतून एक विखारी आनंद व्हायचा. बघा, असं करतात. असं कोणाचं वर्ष वाया जात नाही.

माझी बदली धुळ्याला झाली तेव्हाची गोष्ट. नोव्हेंबरात एक पन्नाशीचा माणूस ऑफिसात आला. सरांचा पुतण्या. सर म्हातारपणी त्याच्याकडे राहायला आले होते, मला माहीतही नव्हतं. हातात हयातीच्या दाखल्याचा फॉर्म. पेन्शनवाल्यांना दरवर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा हा कागद द्यावा लागतो. स्वतः जाता आलं नाही तर राजपत्रित अधिकाऱ्यानं लिहून द्यायचं. धिस इज टू सर्टिफाय दॅट आय हॅव सीन द पेन्शनर. मी यांना पाहिलं आहे आणि ते आजच्या तारखेला जिवंत आहेत. खाली सरांची थरथरलेली सही आधीच होती.

"काका झोपूनच असतात," पुतण्या म्हणाला. "अंगठा मशीनवर उमटत नाही. तुमचं नाव कळलं, म्हटलं तुम्ही ओळखीच्या."

घर माझ्या ऑफिसपासून स्कूटीवर वीस मिनिटं. मी दोन मिनिटांत सही केली. शिक्का मारताना मनात म्हटलं, सर, तुम्ही पंधरा दिवस लावले होते. पुढच्या नोव्हेंबरात पुतण्या आला, पुन्हा सही केली. चहा पाजला त्याला.

तिसऱ्या वर्षी त्यानं घाईत आधी माझी सही घेतली आणि मग फॉर्म सरांकडे नेला. दोन दिवसांनी तोंड कसंनुसं करून परत आला. "मॅडम, दुसरा फॉर्म आणलाय. काकांनी पहिला फाडला. म्हणतात, जिनं पाहिलं नाही तिची सही चालत नाही."

माझं डोकं फिरलं. मरायला टेकला तरी माज जात नाही! इतक्या वर्षांचं सगळं एकदम वर आलं, नळावरच्या बाया, एसटीतली गप्प आई. फॉर्म पर्समध्ये कोंबला, त्याला म्हटलं, चला दाखवा घर. आज सुनावायचंच होतं मला. रस्ताभर वाक्यं जुळवत गेले.

जिन्याखालची खोली. दाराला बाहेरून कडी. पुतण्याची बायको पदराला हात पुसत आली. "बाहेर निंघी जातस हो ते. मंग कोठे शोधानं?" तिनं कडी काढली.

आत रस्त्याच्या बाजूला खिडकी नव्हती. एक दिवा, एक खाट. सर खाटेवर ताठ बसले होते. कमरेला टॉवेल गुंडाळलेला, पाय सुजलेले, बोटांची नखं वळून आत गेलेली. आणि वर पांढरा शर्ट. कॉलर विरलेली, पण वरचं बटण गळ्याशी लावलेलं.

"कोण?" त्यांना नीट दिसत नव्हतं. मी नाव सांगितलं.

"आलीस," म्हणाले. आणि मग, "पाहिलं का?"

मी जुळवलेली वाक्यं बोलून टाकली. सगळी. तुमच्यामुळे माझं वर्ष गेलं, माझं नाव खराब झालं, आई झिजली. आवाज चढला होता माझा. ते ऐकत होते.

"शेजारणीला विचारलं ती चूक झाली," म्हणाले. "मी नंतर ऐकलं गल्लीत काय झालं ते. तुझ्या घरी सांगायला यायला हवं होतं, आलो नाही. लाज वाटली. माझं झालं सांगून. आता तुझं सांग. तीन वर्षं सही कोण करत होतं?"

माझा हात पर्समधल्या फॉर्मवर गेला.

"पहिल्या वर्षी यानं तुझं नाव सांगितलं, तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, फॉर्मवर छापलंय, पाहिल्याशिवाय सही नाही. म्हणजे तिला यावंच लागणार. इथे कोणी येत नाही. सूनबाईकडून शर्ट धुऊन घेतला. महिनाभर रोज संध्याकाळी घालून बसलो."

"मग?"

"मग डिसेंबर आला." त्यांनी शर्टाची बाही चाचपली. "दुसऱ्या वर्षीही तेच. पैसे येत राहिले. मी कोणालाच न दिसता जिवंत होतो."

मी बाहेर आले आणि पुतण्याच्या अंगावर धावून गेले. कडी उखडून काढा, आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर. तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला. मी ओरडत होते, कायदा काढत होते, तक्रार करीन म्हणत होते, गल्ली गोळा झाली होती. त्यानं मान खाली घालून एवढंच म्हटलं, "मॅडम, दोन वर्षं तुम्हीच तर लिहून दिलं." स्क्रू निघत नव्हते, गंजले होते. मी तिथेच उभी राहिले. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि त्यातला एक थेंबही त्या माणसावर नव्हता.

मी निघताना सर आतून म्हणाले होते, "दाखल्याला तीन संध्याकाळी लागतील." मी तीन संध्याकाळी गेले. नखं कापली. नर्स लावून दिली. आणि चौथ्या दिवशी कोऱ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात दाखला लिहिला. मी यांना तीन संध्याकाळी पाहिलं. ते जिवंत आहेत. त्यांना कमी दिसतं, सगळं आठवतं. त्यांच्या दाराला बाहेरून कडी होती, ती आता नाही. आधीच्या दोन वर्षी मी यांना न पाहता सही केली होती.

पेन्शनच्या खिडकीवरच्या बाबूनं तो उलटसुलट करून पाहिला. "मॅडम, हा काय निबंध लिहिलाय? आणि हे शेवटचं वाक्य कशाला? तुम्हीच अडचणीत याल. ठरलेल्या नमुन्यात द्या."

नमुन्यात दिलं नसतं तर सरांची पेन्शन थांबली असती. पर्समधला फॉर्म काढला, सही केली. बाबूनं न वाचता तो गठ्ठ्यात टाकला.

सर त्यानंतर मार्चपर्यंत होते. ग्रुपवर आता स्मरणिका काढायचं चाललंय. एकानं लिहिलंय, सरांनी उभ्या आयुष्यात एकही खोटा दाखला दिला नाही. खाली सगळ्यांचे अंगठे.

वसतिगृहातून परत आलेला तो माझा दाखला अजून माझ्याकडे आहे. फाडून टाकायचा म्हणून ठेवला होता, फाडायचा राहिला. काल काढून वाचला. घड्यांवर झिजलाय, पण अक्षर स्वच्छ आहे. दारात कोणी आलं तर हातातलं टाकून उठते. माणसाला ताटकळत ठेवत नाही.

एक खोटा दिला होता सरांनी. माझा.